छोट्या सफाई एजन्सींनी एकत्र येऊन मोठं कंत्राट घेताना अडचण कुठे येते?

तुम्ही चौघे छोटे सफाई व्यावसायिक मिळून एका मोठ्या ऑफिस-संकुलाचं टेंडर भरायचं म्हणताय. मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्यांच्या बाजूने अशा बोली वाचतो. तिथून दिसतं ते सांगतो.

कंत्राट मिळेल का, याची चिंता सगळेच करतात. मला धास्ती असते ती मिळाल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांची. या धंद्यात खर्चाचा सर्वात मोठा वाटा पगाराचा. पगार महिन्याच्या महिन्याला द्यावाच लागतो. बिल मात्र महिना संपल्यावर लागतं, मग हजेरी तपासली जाते, सह्या होतात आणि त्यापुढे 30, 45, कधी 60 दिवसांची मुदत. पहिला पैसा हाती येईपर्यंत दोन-तीन पगार तुमच्या खिशातून गेलेले असतात. मशीन, केमिकल, गणवेश वेगळेच. दोघांकडे एवढं खेळतं भांडवल नसेल, तर भार उरलेल्या दोघांवर पडतो आणि भांडण तिथेच पेटतं. नफ्याची वाटणी आधी ठरलेली असते, पण हा पैसा कोण किती घालणार हे कागदावर क्वचितच सापडतं.

तितकाच मोठा प्रश्न हुकमाचा. सकाळी सहाला दोन माणसं आलेली नाहीत, आठला ऑफिस भरणार. मी फोन कोणाला करायचा? ‘तो मजला आमच्याकडे नाही’ हे उत्तर एकदा ऐकलं की पुढच्या वेळी अशा जोडगोळीला काम द्यायला मी कचरतो. सुपरवायझर चार असोत, साइटवर शब्द एकाचाच चालला पाहिजे आणि दुसऱ्या एजन्सीचा माणूस इकडून तिकडे हलवायची मुभा त्याला हवी. मजले वाटून घेणं सोपं वाटतं, पण मग एकाच्या पद्धतीत लाल कापड फक्त टॉयलेटसाठी आणि दुसऱ्याचा माणूस त्याच रंगाच्या कापडाने टेबल पुसतोय, असं होतं. त्यापेक्षा कामाप्रमाणे वाटा: एकाकडे काचा, एकाकडे फरशीची मशीनं, बाकी रोजची सफाई.

दर काढतानाही असंच. 10,000 चौरस मीटर जागा, एक माणूस तासाला 400 चौरस मीटर करतो असं धरलं तर रोजचे 25 तास होतात. 250 धरलं तर 40. दोन भागीदारांच्या डोक्यात हे दोन वेगळे आकडे असतील तर बोलीत बहुधा कमी तासांचा आकडा जातो, कारण तो स्वस्त दिसतो. नंतर तेवढ्या माणसांत काम उरकत नाही आणि दंडाची रक्कम बिलातून कापली जाते.

कायद्याची बाजू वकिलाकडून तपासून घ्या. एकत्र बोली लावली की बऱ्याचदा प्रत्येक भागीदार संपूर्ण कामाला बांधील असतो. एक जण निघून गेला तरी उरलेल्यांची सुटका नाही. एकाने कंत्राट घेऊन बाकीच्यांना उपकंत्राट देणं सुटसुटीत, मलाही तेच बरं वाटतं. मात्र त्यात सगळी जोखीम त्या एकाच्या गळ्यात पडते आणि बाकीच्यांच्या नावावर मोठ्या कामाचा अनुभव चढेलच असं नाही. आणि हो, उघडपणे एक बोली लावणं वेगळं आणि आतून दर ठरवून चार वेगळ्या बोली टाकणं वेगळं. दुसरा प्रकार अनेक देशांत गुन्हा आहे.

टेंडर भरण्याआधी ग्राहकाला लेखी विचारा: भागीदारांचा अनुभव आणि उलाढाल एकत्र धरणार का? नवीन कंपनी काढली तर तिचा अनुभव शून्य धरणार का? काही जण एकत्र धरतात, काही नाही. ‘एकत्र धरणार नाही’ असं उत्तर आलं तर बाकीच्या तयारीवर वेळ घालवू नका.