एफडी मोडून भाड्याच्या घराचं कर्ज फेडू का?

प्रश्न: कोथरूडचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो पहिल्यांदाच भाड्याने देतेय. भाडं 24,000, डिपॉझिट 75,000. माझा पगार वर्षाला साडेअकरा लाख, करप्रणाली नवी. गृहकर्ज 15 लाख बाकी आहे, त्याचं वर्षाचं व्याज 1,32,000. तेवढ्याच रकमेची एफडी आहे, तिचं व्याज लाखभर येतं. एफडी मोडून कर्ज फेडून टाकू का? एजंट म्हणतो, भाडेकरार नुसता नोटरी केला तरी चालतो.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. कर्ज फेडलं तर वर्षाला 32,000 वाचतील असं वरवर दिसतं, पण तुमच्या बाबतीत ते सगळे करातच जातात.

वर्षाचं भाडं 2,88,000. त्यातून तुम्ही भरलेली घरपट्टी वजा होते, ती 18,000 धरू. (स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका देते ती 40 टक्के सवलत भाडेकरू आला की जाते, तेव्हा बिल वाढणार हे धरून चाला.) उरलेल्या 2,70,000 वर 30 टक्के सरसकट वजावट आहे, घराला रंगाचा हातही लावला नसला तरी. राहिले 1,89,000. सोसायटीचा मेंटेनन्स यात वेगळा वजा करायचा नाही, तिथे बरेच जण चुकतात. कर्जाचं व्याज मात्र वजा होतं. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, पण भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला आहे. म्हणजे करपात्र भाडं उरलं फक्त 57,000.

आता बेरीज करू. पगारातून 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 10,75,000, एफडीचे 1,00,000, भाड्याचे 57,000. एकूण 12,32,000. 2025-26 पासूनच्या नियमाने 12 लाखांपर्यंत कर शून्य आहे आणि तुम्ही 32,000 नी वर गेलात. या सीमेजवळ मार्जिनल रिलीफ मिळतं, म्हणजे 12 लाखांवर जेवढी रक्कम जाते तेवढाच कर लागतो. सेस (करावरचा 4 टक्के उपकर) धरून 33,280. कर्ज फेडलंत तर एफडीचं व्याज थांबेल, पण व्याजाची वजावटही जाईल. उत्पन्न होईल 12,64,000 आणि कर 66,560. वाचणार 32,000, कर वाढणार 33,280, आणि अडीअडचणीला हाताशी असलेले 15 लाखही गेले!

त्यापेक्षा ऑफिसात एचआरला विचारा, पगाराच्या रचनेत कंपनीतर्फे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) बसवता येतं का. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंतच्या या रकमेला नव्या प्रणालीतही वजावट आहे. महिन्याला 3,000 वळवले तरी वर्षाचे 36,000 होतात, उत्पन्न 11,96,000 वर येतं आणि कर शून्य. हे पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात हे खरं, पण नाहीतर जवळपास तेवढेच कर म्हणून कायमचे जाणार आहेत. मी तुमच्या जागी असते तर आधी हेच केलं असतं.

कराराबाबत एजंटचं अजिबात ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. आणि खर्च किती? अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला (म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकराराला) मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, तुमच्या हिशेबाने सातशेच्या आत, आणि नोंदणी फी 1,000. एवढ्यासाठी घर पणाला लावू नका.

भाडं दरमहा बँकेतूनच घ्या. डिपॉझिट तुमचं उत्पन्न नाही, त्यावर कर नाही. पण ते ईएमआयच्या खात्यात मिसळू देऊ नका. वेगळं ठेवा, कारण भाडेकरू घर सोडेल त्या दिवशी ते 75,000 परत द्यायचे आहेत.