मायएसक्यूएलचा डेटा नव्या डिस्कवर हलवल्यावर सर्व्हिस सुरूच होत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात बिलिंगचा सर्व्हर आहे, उबंटूवर मायएसक्यूएल 8.0. डिस्क भरत आली म्हणून नवी एसएसडी लावली, फाइल्स कॉपी केल्या, डेटाडिर (डेटा कुठे ठेवायचा ते सांगणारी सेटिंग) बदलला. आता लॉगमध्ये 'एररकोड 13, परमिशन डिनाइड' येतंय, आणि फोल्डरची मालकी तर मायएसक्यूएल युजरकडेच आहे.

मालकी बरोबर असूनही 13 येतोय, म्हणजे अॅपआर्मर, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कुठे लिहायचं ते ठरवणारी उबंटूची सुरक्षा यंत्रणा, आडवा आलाय. उबंटूवर मायएसक्यूएलला ठरावीक फोल्डरांतच लिहायची मुभा असते, नवा पाथ त्या यादीत नाही. डीमेसेज (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या सिस्टमच्या नोंदींत 'डिनाइड' शोधा, ओळ सापडेल. 777 परमिशन (सगळ्यांना वाचा-लिहायची मुभा) अजिबात देऊ नका. अॅपआर्मर त्याला जुमानत नाही, आणि तुमची सगळी बिलं मशीनवरच्या प्रत्येक युजरला उघडी पडतात.

/ईटीसी/अॅपआर्मर.डी/ट्युनेबल्स/एलियस या फाइलमध्ये जुन्या पाथवरून नव्या पाथकडे बाण दाखवणारी एलियसची ओळ टाका. दोन्ही पाथच्या शेवटी स्लॅश हवा आणि ओळीच्या शेवटी स्वल्पविराम. तो स्वल्पविरामच बहुतेक वेळा राहतो. मग अॅपआर्मर रीस्टार्ट करून मायएसक्यूएल चालू करा.

तरीही अडलं तर नव्या पाथमधल्या वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये मायएसक्यूएल युजरला शिरायची परमिशन आहे का पाहा. डिस्क एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) असेल तर तिथे डेटाबेस ठेवूच नका, एक्सटी4 (लिनक्सचा फॉरमॅट) करा. डेटा डिस्कच्या मुळाशी न ठेवता आत वेगळं फोल्डर करून ठेवा, नाहीतर डिस्कचं स्वतःचं 'लॉस्ट प्लस फाउंड' हे फोल्डर डेटात मिसळतं. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा, कारण नवी डिस्क जोडली की एसडीबीचं एसडीसी होऊ शकतं.

कॉपी सर्व्हिस चालू असताना केली होती का? तसं असेल तर ती टाकून द्या. चालू सर्व्हरवरून कॉपी केलेल्या इनोडीबी फाइल्स (मायएसक्यूएल ज्यांत डेटा साठवतं त्या) एकमेकींशी जुळत नाहीत. सर्व्हिस थांबवा, थांबल्याची खात्री करा, मग आरसिंक -ए या कमांडने कॉपी पुन्हा करा, सोर्सच्या शेवटी स्लॅश देऊन. नाहीतर फोल्डरात फोल्डर होतं. यूपीएस नसेल तर लाइट जायची शक्यता असलेल्या वेळी हे काम काढू नका.

चालू झाल्यावर 'सिलेक्ट @@डेटाडिर' करून नवा पाथ येतोय ना ते बघा. जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा आणि त्याच्या जागी रिकामं /व्हार/लिब/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल बनवा, कारण उबंटूच्या काही आवृत्त्यांत सर्व्हिसची स्क्रिप्ट ते तपासते. जुना डेटा महिनाअखेरची बिलं नीट निघेपर्यंत पुसू नका.

आणखी एक: जुनी डिस्क भरली कशाने, ते पाहिलंत का? 8.0 मध्ये बिनलॉग (डेटात झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद) आपोआप चालू असतो आणि 30 दिवस साठत राहतो. 'बिनलॉग.000123' असल्या मोठ्या फाइल्स दिसल्या आणि रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर चालू प्रत ठेवणं) किंवा पॉइंट-इन-टाइम रिकव्हरीसाठी (डेटा ठरावीक वेळेच्या स्थितीला परत आणण्यासाठी) त्या लागत नसतील, तर मुदत 7 दिवसांवर आणा, म्हणजे 604800 सेकंद. त्या फाइल्स हाताने डिलीट करू नका, 'पर्ज बायनरी लॉग्ज' वापरा.