जेवणाचं पोट वेगळं, बाळाची पिशवी वेगळी

"मॅडम, बाळ कुठून येतं असं विचारते. काय सांगू?" समुपदेशक म्हणून गेल्या 16 वर्षांत हा प्रश्न मी किती आयांकडून ऐकला, त्याची मोजदाद नाही. त्याच्यामागे भीती मात्र एकच असते. आत्ताच सांगितलं तर पोर बिघडेल, वयाआधी नको ते डोक्यात जाईल. मग "देवबाप्पानं दिलं", "दवाखान्यातून आणलं" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली जाते. वेळ जाते, पण मुलाच्या मनातली ती जागा रिकामी राहत नाही. ती कशानं भरते, हे मला सांगलीच्या एका दुसरीतल्या मुलीनं दाखवलं. तिला इथे चिऊ म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चिऊची तक्रार जेवणाची होती. महिनाभर ती दूध आणि वरणाच्या पाण्यावर होती. बालरोगतज्ज्ञांना काही सापडलं नव्हतं. आईला पाचवा महिना होता. "मी जेवायला बसले की ही माझा हात धरते. बास कर म्हणते, रडते," आई सांगत होती. घरच्यांनी निष्कर्षही काढून ठेवला होता, येणाऱ्या भावंडाचा मत्सर. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी चिऊपुढे कागद आणि खडू ठेवले. "आईच्या पोटात काय काय आहे, काढून दाखव." तिनं मोठा गोल काढला. तळाशी डोळे मिटलेलं बाळ आणि वरून पडणाऱ्या चपात्या, भात, वांग्याच्या फोडी. बाळाच्या डोक्यावर भाताचा ढीगच होता.

"हे काय गं?"

"आई जेवते ते सगळं त्याच्या अंगावर पडतं ना."

मग न सांगताच तिनं शेजारी लहान गोल काढला. त्यात हिरवं रोप. "हे माझं पोट. मी कलिंगडाची बी गिळली. आज्जी म्हणाली झाड येतंय."

मत्सराचा मागमूस नव्हता. ही मुलगी महिनाभर आपल्या भावंडाला वाचवत होती आणि पोटातल्या रोपाला खतपाणी मिळू नये म्हणून स्वतः उपाशी राहत होती. तिचा तर्क अगदी बिनचूक होता, माहिती तेवढी चुकीची होती. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

मी तिला "असं काही नसतं" म्हटलं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला ऐकलेल्यापेक्षा हातानं केलेलं पटतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. घरी दोन वाट्या मांडायला सांगितल्या. एकीत भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून, दुसरीत तीच मटकी लिंबाच्या रसात बुडवून. तिसऱ्या दिवशी चिऊ दोन्ही वाट्या घेऊनच आली. पहिलीत पांढरे मोड तरारले होते, दुसरीत मटकी सुरकुतून पडली होती. पोटातला रस लिंबासारखाच आंबट असतो एवढंच मी सांगितलं. "म्हणजे माझी बी मेली," ती म्हणाली आणि खिशातली चिक्की काढून खायला लागली.

बाळाच्या डोक्यावरचा भात मात्र अजून तिथेच होता.

त्या भेटीला आज्जीही आली होती. नऊवारी, हातात पिशवी, कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसलेली. मी आईला म्हटलं, आज तुम्ही सांगा. आई माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "बाळ ना, गर्भाशयात असतं." चिऊनं विचारलं, "ते कुठं असतं?" आई म्हणाली, "पोटात." गाडं फिरून पुन्हा तिथेच आलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "आगं त्या पोटात न्हवं. जेवणाचं पोट येगळं, बाळाची पिशवी येगळी. माजी न्हाई का काढली मिरजेला?"

चिऊ गर्रकन वळली. "पिशवी?"

"व्हय. एवढी असती," आज्जीनं मूठ दाखवली. "बाळ वाढंल तशी ताणती."

"बाबा तुझ्या पिशवीत होता?"

"नऊ म्हैनं नऊ दिस."

"मग जेवायचा कसा?"

"नाळंनं. तुजी बी व्हती की. तिचीच ही बेंबी ऱ्हायली."

चिऊनं फ्रॉक वर केला. कितीतरी वेळ ती बेंबीत बोट घालून वाकून बघत होती. मग आईजवळ गेली, तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, तू जेव. त्याच्यावर पडत नाही." आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तो आज्जीनंच घेतला.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या भाषेत जठरही पोट आणि गर्भाशयही पोट. "पोटात बाळ आहे" हे आपण सहज म्हणतो आणि मूल ते शब्दशः घेतं. मी इतकी वर्षं पालकांना "शास्त्रीय शब्द वापरा" सांगत आले, पण गर्भाशय म्हणताना आईचा आवाज खाली जातो आणि मुलाला त्या शब्दाआधी तो आवाज कळतो. बायका एकमेकींत "पिशवी" बिनदिक्कत बोलतात. शब्द घरातच होता. आता मी पालकसभांत आधी पिशवी म्हणते, मग तिचं नाव गर्भाशय असं सांगते. हा क्रम मला आज्जीनं दिला, आणि तो लागू पडतो हे मी त्यानंतर अनेक घरांत पाहिलं आहे.

पुढचा प्रश्न आठवड्यात आलाच. बाळ पिशवीत गेलं कसं? आई फोनवर घाबरीघुबरी झाली. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माझ्या मते आईला घाबरवतो तो मुलाचा प्रश्न नसतो, त्या प्रश्नाबद्दल आईच्या मनात आधीच बसलेला विचार असतो. चिऊला रात्रीच्या गोष्टी विचारायच्या नव्हत्या. तिला वाट विचारायची होती.

आज्जीच्या परसात भोपळ्याचा वेल होता. सकाळी लवकर, फुलं मिटायच्या आत, बाबांनी तिला तिथे नेलं. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीपासून असतो, नर फुलाचा देठ नुसताच सरळ असतो. बाबांनी नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, पिवळी भुकटी मादी फुलाच्या आत टेकवली आणि देठाला दोरा बांधला. शेजारचं एक मादी फूल मधमाशी जाऊ नये म्हणून आदल्या संध्याकाळीच, ते उमलायच्या आत, कापडात बांधून ठेवलं होतं. आठवडाभरात दोऱ्याचा भोपळा लिंबाएवढा झाला, कापडातला पिवळा पडून गळला. मग आईनं सांगितलं, "माझ्यात एक बारीक बीज असतं, पेन्सिलीच्या ठिपक्याहून लहान. बाबांकडून एक येतं. दोन्ही मिळाली की बाळ वाढायला लागतं." चिऊला तेवढं पुरलं. अजून दोन वर्षांनी पुढचं विचारेल, तेव्हा पुढचं सांगायचं. विचारलं तेवढंच, पण खरं.

पालकांना माझी आणखी एक कळकळीची विनंती आहे. शरीराच्या प्रत्येक अवयवाचं नाव मुलाला हातापायाच्या नावासारखं सहज माहीत असू द्या. ज्याला नाव नाही, तिथे कुणी हात लावला तर मूल सांगणार कसं? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा मुलांच्या बाजूनं आहे, पण मुलाला बोलता आलं तर. शाळेवर सोडू नका. आपल्याकडे मानवी प्रजनन सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञानात. तोवर बहुतेक मुलींना पाळी येऊन काही वर्षं झालेली असतात. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून मराठीत हे सगळं उघड बोलायला सुरुवात केली. आता शतक होत आलं.

शेवटच्या भेटीत चिऊनं विचारलं, "भाऊ येणार की बहीण?" मी म्हटलं, ते आधी कुणी सांगत नाही, आपल्याकडे तसा कायदाच आहे. पण ठरलंय ते केव्हाच, दोन बीजं मिळाली तेव्हाच. आणि ते बाबांकडून आलेल्या बीजावर ठरतं.

आज्जी पिशवीतून मोडाची मटकी काढत होती. तिचा हात थांबला. "म्हंजी पुरुषाकडनं ठरतं?"

"हो आज्जी."

"मला तीन पोरी झाल्या पैल्यांदा." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पदर सारखा करून म्हणाली, "हे माझ्या लेकाला सांगा. सुनंला बी सांगा. मी हाय तवर सांगा."

पुढच्या सोमवारी ती दोघांना घेऊन आली.