वाचकांचे प्रश्न : पॅरिसमधला लांडगा आणि डेट्रॉइटचा गायक

प्रश्न : ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ मी महाविद्यालयात असताना पाहिला होता आणि तो आजही मला तितकाच घाबरवतो आणि हसवतो. नुकताच त्याचा दुसरा भाग, ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन पॅरिस’, मोठ्या अपेक्षेने लावला आणि अर्ध्यावर बंद केला. मधल्या सोळा वर्षांत तंत्र इतके सुधारले असताना चित्रपट एवढा फसला कसा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपली निराशा रास्त आहे. जॉन लँडिस यांचा मूळ चित्रपट १९८१ सालचा. यॉर्कशायरच्या माळरानावर रात्री वाट चुकलेल्या दोन अमेरिकन तरुणांवर वेअरवुल्फ, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस, झडप घालतो. त्यात जॅक मरतो, आणि जखमी होऊन वाचलेला डेव्हिड स्वतःच लांडगा होण्याच्या वाटेला लागतो. लंडनच्या रुग्णालयात डेव्हिड न्याहारीला बसलेला असताना मेलेला जॅक त्याला भेटायला येतो. त्याचा गळा फाटलेला आहे, मांसाची एक चिंधी तो बोलेल तशी लोंबत हलते आहे, आणि या अवस्थेत तो मित्राच्या ताटातला टोस्ट मागतो. पुढच्या प्रत्येक भेटीत त्याचे शरीर आणखी सडलेले असते, पण बोलणे मात्र जुन्या मित्राचेच राहते. त्यामुळे किळस आणि हसू एकदमच येते, आणि भय व विनोद एकाच दृश्यात नांदवण्याची ही अवघड करामत मला फार थोड्या चित्रपटांत साधलेली दिसली आहे.

दुसरे बलस्थान म्हणजे डेव्हिडचे रूपांतर. भयपटात अशा वेळी अंधाराचा आडोसा घेण्याची रीत आहे. लँडिस यांनी हे दृश्य लख्ख उजेडातल्या दिवाणखान्यात चित्रित केले. रंगभूषाकार रिक बेकर यांनी त्यासाठी आतून ताणता येतील असे कृत्रिम हात आणि चेहरे घडवले. कातडीतून केस उगवताना दिसतात, ते प्रत्यक्षात रबरी कातडीतून मागे ओढून घेतलेले आहेत आणि ते चित्रण उलट्या क्रमाने दाखवले आहे. रंगभूषेचा नियमित ऑस्कर पुरस्कार त्या वर्षी सुरू झाला आणि तो पहिल्यांदा बेकर यांनाच मिळाला.

१९९७ सालच्या दुसऱ्या भागात लँडिस नव्हते. दिग्दर्शक होते अँथनी वॉलर. त्यातले लांडगे संगणकावर तयार केलेले आहेत आणि त्यांना वजनच नाही : ते धावतात तेव्हा पायाखालची जमीन त्यांची वाटत नाही. मात्र सगळा दोष संगणकावर टाकणे मला पटत नाही, कारण त्याच्या चारच वर्षे आधी ‘जुरासिक पार्क’मध्ये संगणकावर तयार केलेले आणि प्रत्यक्ष घडवलेले यांत्रिक डायनोसॉर एकत्र वापरून प्रेक्षकांचा श्वास रोखला गेला होता. (आपल्याकडे तात्या विंचू अजून विसरला जात नाही, त्यामागेही रामदास पाध्ये यांचा तो बाहुला खरोखर नटांसमोर होता, हे कारण आहेच.) मूळ चूक कथेतच आहे. पहिल्या भागात पौर्णिमा एकेक दिवसाने जवळ येते आणि डेव्हिडला ती टाळता येत नाही. दुसऱ्या भागात एक औषध टोचले की पौर्णिमेची वाट न पाहता लांडगा होता येते. वाट पाहणेच संपले, तिथे भीतीला जागा कुठे उरणार? आयफेल टॉवरवरून नायक नायिकेमागे उडी घेतो ते सुरुवातीचे दृश्य तेवढे रंगते. आपण चित्रपट अर्ध्यावर सोडलात, त्यात आपले काही हुकलेले नाही.

प्रश्न : ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा माहितीपट पाहताना मला रडू आवरले नव्हते. पुढे समजले की, जगाने विसरलेला म्हणून दाखवलेला हा गायक ऑस्ट्रेलियात चांगलाच लोकप्रिय होता. तेव्हापासून फसवले गेल्याची भावना जात नाही. ती चुकीची आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चुकीची नाही. या गायकाचे, म्हणजे सिक्स्तो रॉड्रिगेझ यांचे, दोन गीतसंग्रह आले : ‘कोल्ड फॅक्ट’ १९७० साली आणि ‘कमिंग फ्रॉम रिॲलिटी’ १९७१ साली. अमेरिकेत दोन्ही पडले आणि रॉड्रिगेझ डेट्रॉइटमध्ये घरे पाडण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामावर जाऊ लागले. पण १९७९ आणि १९८१ साली त्यांनी ऑस्ट्रेलियाचे दौरे केले होते. दिग्दर्शक मलिक बेंजेलूल यांनी २०१२ सालच्या या माहितीपटात त्याचा उल्लेखही केला नाही, आणि ही गाळणूक मला आजही बोचते. ते एक वाक्य सांगितले असते तरी कथेला काहीच बाधा आली नसती, कारण ही कथा दक्षिण आफ्रिकेतल्या चाहत्यांनी घेतलेल्या त्यांच्या शोधाची आहे, आणि त्या चाहत्यांना रॉड्रिगेझ यांच्याविषयी खरोखरच काही ठाऊक नव्हते. वर्णभेदाच्या काळात तो देश बाहेरच्या जगापासून तुटलेला होता आणि गायकाने मंचावरच आत्महत्या केली, अशी वदंता तिथे लोक खरी मानत होते.

म्हणून माझी विनंती आहे की, माहितीपट पुन्हा पाहावा आणि या वेळी अभिलेखागारातल्या प्रसंगाशी थांबावे. तिथे ‘कोल्ड फॅक्ट’ची जुनी तबकडी दाखवली आहे. अमली पदार्थांचा उल्लेख असलेले ‘शुगर मॅन’ नभोवाणीवर चुकूनही वाजू नये म्हणून सरकारी यंत्रणेने तेवढ्याच गाण्यावर टोकदार हत्याराने ओरखडे काढलेले आहेत. ते ओरखडे डोळ्यांनी दिसतात. १९९८ साली रॉड्रिगेझ दक्षिण आफ्रिकेत गायला उभे राहिले आणि सभागृहात जल्लोष उसळला, तेही खरेच घडले. आपल्या डोळ्यांत पाणी आले ते यासाठी, आणि ते वाया गेलेले नाही. २०१३ साली या माहितीपटाला ऑस्कर मिळाला तेव्हा श्रेय निर्मात्यांचे आहे म्हणून रॉड्रिगेझ सोहळ्याला गेलेच नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते वारले.

प्रश्न : रॉड्रिगेझ यांचे ऐकायला सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ‘कोल्ड फॅक्ट’पासून, आणि ते सलग ऐकावे, जेमतेम अर्ध्या तासाचे आहे. ‘इनर सिटी ब्लूज’ या गाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यात डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्न गावाचे नाव ओझरते येते, आणि त्या एका नावाचा माग काढत दक्षिण आफ्रिकेतले चाहते अखेर त्यांच्यापर्यंत पोहोचले.