तोवर चहा ठेवू नका

'बाबा ७४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा त्यांना सदाशिव पेठेतून बावधनला आमच्याकडे आणलं. स्वतंत्र खोली, टीव्ही, वेळच्या वेळी जेवण. आता दूधसुद्धा ॲपवरून दारात येतं, त्यांना खाली उतरावं लागत नाही. तरी दोन महिने झाले, पहाटे तीनला उठून बसतात, ताटात टाकतात, विचारलं की अंगात त्राण नाही म्हणतात. आणखी काय करू?'
– एक मुलगा, बावधन

तुमचं सगळं पत्र मी एकदा वाचलं, दुधाचं वाक्य चारदा. तुमच्या त्या 'आता'वरून कळलं, की पूर्वी दूध बाबा आणायचे.

पेठेतल्या माणसाची ती सकाळची फेरी आठवा. पायांना चाल, डोळ्यांवर कोवळं ऊन, वाटेत तिघांच्या गुडघ्यांची चौकशी, जमलं तर अर्धा कप अमृततुल्य. आणि आपण पोचल्याशिवाय घरचा चहा होत नाही, ही जाणीव. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. झोप आणि भूक त्या घड्याळावर चालतात. बायको गेली, पेठ सुटली, आणि उरलेलं एकुलतं काम तुम्ही प्रेमानं काढून घेतलंत. मला राग आलाय, लपवत नाही.

म्हातारपणचं नैराश्य पुष्कळदा डोळ्यांतून पाणी काढत नाही. 'त्राण नाही', 'भूक नाही' म्हणत येतं, आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. असं दोन आठवडे टिकलं तरी डॉक्टर गाठायचा असतो. तुम्ही दोन महिने घालवलेत. याच आठवड्यात न्या. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगा, त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच गळून जातो. नैराश्यच निघालं तर त्यावर उपचार आहेत, सत्तरीनंतरही लागू पडतात. 'जगून काय करायचं' असं काही बोलले तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा; तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

आणि ॲपवरचं दूध आज रात्रीच बंद करा. उद्या सकाळी पिशवी त्यांच्या हातात द्या. 'नको' म्हणतील, तरी चपला पुढे ठेवा. पहिले आठ दिवस तुम्ही बरोबर जा, रस्ता त्यांना नवा आहे. दुकानदाराशी ओळख करून द्या. नंतर एकट्यांना जाऊ द्या. ते परत येईपर्यंत घरात चहाचं आधण ठेवायचं नाही, तुम्हाला ऑफिसला उशीर झाला तरी.