आईचं नाव सीजीएचएस कार्डावर घालून मेडिक्लेम बंद करावा का?

प्रश्न: पुण्यात केंद्र सरकारी नोकरी, लेव्हल ७. आई (वय ६८, मधुमेह) माझ्याकडेच राहते. तिचं नाव सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) कार्डावर घालून वर्षाला ४८,००० रुपये हप्त्याचा मेडिक्लेम बंद करू का? तिला ईपीएसचं (भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना) विधवा पेन्शन ३,२००, गावच्या खोलीचं भाडं ४,५०० आणि १२ लाखांच्या एफडीवर ७ टक्के व्याज मिळतं.

उत्तर: इतक्यात नको. सीजीएचएससाठी दरमहा पगारातून जाणारे ६५० रुपये आईचं नाव घातल्यावरही तेवढेच राहतात, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण बायकोची कमाई या योजनेत बघत नाहीत, आईची बघतात.

अवलंबित ठरायला सर्व मार्गांचं मासिक उत्पन्न ९,००० अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी हवं. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्क्यांनी ही मर्यादा १४,२२० होते. आईंचं उत्पन्न: ३,२०० + ४,५०० + व्याजाचे ७,००० = १४,७००. म्हणजे ४८० रुपये जास्त. एफडी क्युम्युलेटिव्ह असेल आणि व्याज हातात येत नसेल, तरी ते धराच. आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये (वर्षभराच्या उत्पन्नाचं माहितीपत्रक) ते दिसतं. अर्जाआधी तो एआयएस आणि पासबुक समोर ठेवून बेरीज करा. बहुतेकांची चूक इथेच होते: पेन्शन लिहितात, व्याज विसरतात. घोषणापत्रावर सही तुमची असते. ते खोटं ठरलं तर कार्ड जातं, खर्चाची वसुली होते आणि खात्यांतर्गत कारवाई वेगळी.

एफडीचं नूतनीकरण ६.५ टक्क्यांनी झालं तर बेरीज १४,२०० येईल. बसलं, पण वीस रुपयांनी! भाडं जरा वाढलं की पुन्हा बाहेर. भत्ता वाढला की मर्यादाही सरकते, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा दर लावा.

एफडी तुमच्या नावावर करून घेण्याचा सल्ला कुणी देईल. कायद्याने आईची भेट करमुक्त आहे, पण पुढचं व्याज तुमच्या स्लॅबमध्ये येईल आणि म्हातारपणी आईंच्या हातात पैसा उरणार नाही. मी हे सुचवणार नाही.

पॉलिसी एकदा सुटली तर नव्या पॉलिसीत मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेही कंपनीने घेतलं तर. म्हणून यंदाचा हप्ता भरा. हप्ता जड जात असेल तर नूतनीकरणाच्या वेळी विमा रक्कम कमी करून घ्या. सत्तरी पूर्ण झाली की आईंना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना हे सरकारी कार्ड काढता येईल: वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, खासगी पॉलिसी असली तरी.