लॅपटॉपचा ट्रे सगळ्यात शेवटी सोडा

पुणे विमानतळावर ऑफिसचा लॅपटॉप बॅगेतच राहिला, बॅग दोनदा स्कॅन झाली, पुढच्या वेळी काय करू, असं विचारलंय तुम्ही. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, हे तिथले जवान ओरडून सांगतातच. स्लीव्हमधूनही काढा आणि त्याच्यावर जॅकेट टाकू नका. बॅटरी नि सर्किट दाट असल्यामुळे एक्स-रेत त्यांच्यामागचं धड दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. काही ठिकाणच्या नव्या सीटी स्कॅनरला लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही. तिथे जवान म्हणतील तसं करा, वाद घालू नका.

खरी गोची पुढे आहे. ट्रे पट्ट्यावरून भुर्रकन पलीकडे जातो आणि तुम्ही अजून अंगझडतीच्या रांगेत. बायकांची झडती पडद्याआड होते, त्यामुळे ट्रे नजरेआडच. पलीकडे पाच सारखेच काळे लॅपटॉप, प्रत्येकाला विमानाची घाई. म्हणून आधी बॅग सोडा, मग बूट-बेल्ट, आणि लॅपटॉप अगदी शेवटी, पुढे दोनच माणसं उरली की. मागचे कुरकुरतील, कुरकुरू देत. झाकणावर भडक स्टिकर लावा. कंपनीला चालत नसेल तर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा पुरे.

अदलाबदल झालीच तर लगेच तिथल्याच जवानाला सांगा, सीसीटीव्ही बघता येतो. विमानात बसल्यावर फोनाफोनी करून फारसं काही हाती लागत नाही. सापडलेल्या वस्तूंची यादी सीआयएसएफच्या (या जवानांच्या दलाच्या) वेबसाइटवर असते.

आणि हो, लॅपटॉपच्या तळाच्या सिरियल नंबरचा घरूनच फोटो काढून ठेवा. माझा हरवलेला लॅपटॉप परत मिळवताना हे न केल्याचाच मला सगळ्यात जास्त फटका बसला. एका कार्यालयात (नाव नको) खरेदीचं बिल मागितलं. ते कंपनीच्या नावावर. मग कंपनीचं पत्र आणा, मग पत्रावर सिरियल नंबर नाही म्हणून दुसरं आणा! एवढं करून बोलणं असं, की जणू आपणच चोर. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण ऑफिसचा लॅपटॉप असेल तर सिरियल नंबर घातलेलं पत्र आधीच मेलमध्ये असू द्या.

जाता जाता: पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर, १०० च्या मर्यादेच्या आत, म्हणून केबिन बॅगेत चालते. पण पॉवर बँकेवर छापलेले आकडे पुसले गेले असतील तर अडवतात. एटीआरसारख्या छोट्या विमानात चढताना केबिन बॅग खाली सामानाच्या कप्प्यात ठेवायला मागितली, तर पॉवर बँक आणि लॅपटॉप आधी हातात काढून घ्या.